पूजेला बसलेला मोडेम

'र' अक्षरावर आमचे एट्टन बाद झाले, त्या संध्याकाळी घरात कुणाला मोठ्याने बोलायची सोय राहिली नाही. आता 'र' म्हणजे काय अवघड अक्षर आहे का? झोपेतून उठवलं तरी माणूस 'र'वर चार श्लोक सांगेल, आणि एट्टननी तर जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. श्लोक त्यांना येत होता हो. म्हणतही होते, डोळे मिटून, मान डोलवत, अगदी सुरात. फक्त पलीकडे तो कुणाला ऐकू जात नव्हता. डोळे उघडून बघतात तर पडद्यावर मस्कतचे मेनन तोंड उघडं ठेवून थिजलेले, आणि कोपऱ्यात एक पाटी, की या नंबरावर दुसरं एक यंत्र आधीच चालू आहे.

एट्टन म्हणजे माझे थोरले भाऊ सेतुमाधवन. गावाचे सेतुमाष, म्हणजे सेतुमास्तर. नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच असते. त्यांची बायको तंकमणी, माझी एट्टत्ती. तीन म्हातारी माणसं, दोन गाई आणि एक कॉम्प्युटर, एवढाच आमचा पसारा.

अक्षरश्लोक म्हणजे श्लोकांच्या भेंड्या. एकाने श्लोक म्हणायचा, त्याच्या तिसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर पुढच्याने उचलायचं. अडला तो उठला. पूर्वी हे देवळाच्या ओट्यावर चालायचं. मग एकेक खोड वठलं, कुणी मुलांकडे परदेशी जाऊन बसले, तशी ही सभा कॉम्प्युटरवर आली. रोज संध्याकाळी सहा वाजता देवाजवळ दिवा लागला की एट्टन धुतलेलं मुंडू नेसून, कपाळाला चंदन लावून पडद्यासमोर बसायचे. मुलगी दुरावल्यापासून त्यांच्या तोंडावर हसू बघायचं असेल तर त्या तासाभरातच बघायला मिळायचं, म्हणून मी त्या खोक्याला कधी नावं ठेवली नाहीत.

त्यात पंचाईत सुरू झाली ती परतीच्या पावसाबरोबर. हा पाऊस मोठा लबाड. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनच्या सुमाराला डोंगरामागून ढग येणार आणि मग असा कडकडाट की गाई दावं तोडायला बघतात. आमच्याकडे पहिला गडगडाट ऐकला की घरातल्या सगळ्या वायरी उपटायच्या, ही रीतच आहे. शेजारच्या वासूचा टीव्ही विजेने जळालेला सगळ्यांनी पाहिलाय. वायरी उपटायचं काम एट्टत्तीचं. पाऊस ओसरला की परत लावायचं कामही तिचंच, कारण एट्टन तोवर छत्री घेऊन वाचनालयात पेपर वाचायला गेलेले असायचे. सहाला ते परत येऊन कॉम्प्युटर लावायचे आणि पाटी हजर.

बाजारातला कॉम्प्युटरवाला रजीश येऊन जायचा. गरीब माणूस, तोंडाने गोड. यायचा, दोन्ही यंत्रं बंद करायचा, आधी कॉम्प्युटर मग मोडेम असं लावायचा आणि चालू करून द्यायचा. "झालं, माष." पुढे दोन दिवस पाऊस नसला की सगळं सुरळीत. पुन्हा वीज कडाडली की पुन्हा पाटी.

"अरे, हा काय हिवताप आहे का, एक दिवसाआड यायला?" एट्टन त्याला म्हणायचे. "तू औषध देतोस की नुसतं कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतोस?"

"माष, तुमच्या घरातलं इंटरनेटसुद्धा हट्टी आहे. तुमच्यावर गेलंय," रजीश हसायचा.

मी मूग गिळून बसायची. कारण ते दुसरं यंत्र कोणतं ते मला ठाऊक होतं. ते स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपात होतं.

अंबिली एट्टनची एकुलती एक पोर. एर्णाकुळमला नोकरीला गेली आणि तिथे तिने जोबीशी लग्न ठरवलं. जोबी ख्रिस्ती. एट्टननी आरडाओरडा केला नाही. तो त्यांचा स्वभाव नाही. नुसतं म्हणाले, "जा. पण या घराचा फोन वाजवू नकोस." तिने लग्नानंतर एकदा वाजवला. 'अच्छा', म्हणजे 'बाबा', एवढी हाक ऐकली आणि त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला. त्यानंतर पोरीने कधी वाजवला नाही. बापाचीच मुलगी ती.

पण आईचं काय? गुरुवायूरला एका नात्यातल्या लग्नात दोघी देवळामागे भेटल्या आणि अंबिलीने आपला जुना मोबाईल आईच्या पिशवीत टाकला. आमचं घर रबराच्या झाडांमध्ये खड्ड्यात असल्यासारखं, मोबाईलला अजिबात रेंज नाही, वर रस्त्यावर जावं लागतं. एट्टनचा स्वतःचा मोबाईल टेबलाच्या खणात बंदच पडून असतो. म्हणून या फोनमध्ये सिमच नव्हतं. घरच्या मोडेमवरच तो चालायचा. पासवर्ड मीच दिला. त्यात मला काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तर पाऊस थांबला, एट्टन वाचनालयाच्या वाटेला लागले, की एट्टत्ती मोडेमची वायर लावायची आणि पिंपातून फोन काढून खोबऱ्याच्या विळीला टेकवून ठेवायची. मग अंबिली दिसायची. काय खाल्लंस, पाय सुजलेत का, जोबी वेळेवर येतो का. एट्टत्तीच्या तोंडाला तेवढा वेळ दम नसायचा. बोलणं संपलं की फोन बंद करायचा असं आमचं ठरलेलं, पण तो बंद करणं तिच्या जिवावर यायचं. "पोरीने एखादा फोटो पाठवला तर?" म्हणून तसाच चालू फोन पिंपात ठेवायची. तांदळात तो गपचूप जागा राहायचा आणि सहाला इकडे सभेत मेनन थिजायचे.

अंबिलीला दिवस गेले होते. आमच्याकडे पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात मुलीला वाजतगाजत माहेरी आणतात. सातवा लागला त्या दिवशी एट्टत्तीने पायसम केलं, कुणासाठी ते एट्टननी विचारलं नाही, आणि वाटीभर खाऊन ते वाचनालयात गेले. एट्टत्ती चुलीपाशी बसून रडली. मग फोनवर लेकीला म्हणाली, "मी येऊ शकत नाही गं मोळे, पण तुला आत नेतील तेव्हा मला लाव. मी समोर असेन. आणि बाळ बाहेर आणल्याबरोबर आधी मला तोंड दाखवायचं, जोबीच्या आईला नंतर." अंबिली हसली. "शपथ अम्मा, आधी तुला." त्या एका गोष्टीवर एट्टत्ती जगत होती म्हटलं तरी चालेल. दुसरं काही तिने मागितलंच नव्हतं कुणाजवळ.

दुर्गाष्टमीच्या सकाळी रजीश पुन्हा आला. या वेळी एट्टननी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "आज मूळ शोधल्याशिवाय उठायचं नाही," म्हणाले. रजीश बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला. मी दारात उभी. एट्टत्ती पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, तळून घेऊन आली आणि बशी ठेवूनही तिथून हलेना.

"माष," रजीश म्हणाला, "असं आहे बघा. हा मोडेम घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. तुमचा कॉम्प्युटर मात्र त्याला विचारत नाही. ज्याने पहिल्यांदा बसवला त्याने याला दोन नंबर कायमचा ठोकून दिलाय. वायर उपटली की मोडेम सगळं विसरतो आणि पहिला जो येईल त्याला दोन देऊन टाकतो. मग दोघांची मारामारी."

"दोघं कोण? या घरात एकच यंत्र आहे."

"दुसरं एक आहे, माष. मोबाईल आहे."

एट्टननी माझ्याकडे पाहिलं. मी माझा बटणांचा फोन त्यांच्यापुढे धरला. त्याला इंटरनेट म्हणजे काय तेही माहीत नाही. मग त्यांनी बायकोकडे बघितलंच नाही. बघायची गरजच वाटली नाही हो त्यांना. इतक्या वर्षांत तिने कधी काही लपवलं असेल हे त्यांच्या डोक्यातच येणार नाही.

"म्हणजे चोर आहे," एट्टन म्हणाले. "वासूचा पोरगा. कुंपणापाशी बसून फुकट बघतो."

रजीशने मात्र एट्टत्तीकडे पाहिलं होतं. त्याला कळलं. त्याने बशीतली एक पळंपोरी उचलली, सावकाश खाल्ली आणि म्हणाला, "जाऊ द्या ना, माष. कोण का असेना. मी इथे एक खूण बदलतो, तुमचा नंबरही मोडेमच ठरवील. एका मिनिटाचं काम. मग दोघंही सुखाने राहतील, पुन्हा कधी भांडण नाही."

"म्हणजे चोराला जागा करून द्यायची आणि घरच्या मालकाने सरकून बसायचं?"

"सरकायचं कुठे माष, नंबरच तर आहे."

"माझा नंबर ठरलेला आहे. तो बदलणार नाही. आधी चोर पकड, मग खुणा बदल."

मला वाटतं, तेव्हाच एट्टत्तीने तोंड उघडायला हवं होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. तिचे ओठ हललेही. पण एट्टन खुर्चीतून उठले आणि ती मागे सरकली. रजीश पिशवी आवरत म्हणाला, "पूजा झाल्यावर येतो, पासवर्ड बदलून देतो." जाताना पायरीवर मला हळूच म्हणाला, "चेची, माषना सांगून टाका. चांगला माणूस आहे." सांगून टाका म्हणे. त्याचं काय जातंय.

संध्याकाळी पूजेची मांडणी झाली. अष्टमीला आम्ही पुस्तकं, हत्यारं, ज्याची जी विद्या ती देवीपुढे ठेवतो, आणि दशमीच्या सकाळी पूजा उठेपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. लहानपणी आम्हाला याच्यासारखा सण नव्हता. मी माझी शिवणाची कात्री ठेवली. एट्टननी भागवत ठेवलं, पेन ठेवलं. मग आत गेले आणि मोडेम उचलून घेऊन आले. वायरी गुंडाळलेल्या, वरची धूळ पुसलेली. केळीच्या पानावर भागवताशेजारी ठेवून त्यालाही चंदनाचं बोट लावलं.

"हे कशाला पूजेत?" एट्टत्ती म्हणाली. आवाज कसाबसा निघाला. "हे काय पुस्तक आहे?"

"माझे सगळे श्लोक याच्यातूनच जातात. रजीशला जमलं नाही ते देवी करील." एट्टन खुशीत होते. "आणि चोरालाही घडू दे उपास."

मी म्हणाले, "एट्टा, घरचा फोनसुद्धा याच्यातूनच चालतो. तो बंद पडेल. कुणाला काही सांगायचं झालं तर?"

"आपल्याला कोण फोन करतंय, पंकजम? दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

ते आंघोळीला गेले तशी मी एट्टत्तीला म्हणाले, "काढू का? पाच मिनिटं लावून पोरीला सांगून टाक की दोन दिवस नाही, परत ठेवून देऊ. देवी काही रागावत नाही."

तिने माझा हात धरला. "नको. अंबिलीचे दिवस भरत आलेत. अशा वेळी मी देवीच्या पूजेतली वस्तू उपटू? तिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

पोरीसाठीच तिने ते केलं नाही. हे मला विसरता येत नाही.

नवमीला दिवसभर पाऊस. एट्टत्ती स्वयंपाकघरात नुसती आतबाहेर करत होती. चार वाजता, नेहमीच्या वेळेला, तिने पिंपाचं झाकण काढलं, बघितलं आणि परत लावलं. मी म्हणाले, "चल, छत्री घे, वर रस्त्यावर जाऊ. माझ्या फोनवरून लावू." ती म्हणाली, "एवढ्या पावसात तुझे गुडघे घेऊन? उद्या सकाळी पूजा उठली की बोलणारच आहे. अजून महिना आहे तिला." मीही आग्रह धरला नाही. खरंच एक महिना होता. गुडघेही दुखत होते.

दशमीची सकाळ आमच्या घरी गडबडीची. आजूबाजूची लहान मुलं एट्टनकडे पहिलं अक्षर काढायला येतात. एट्टन एकेकाला मांडीवर घेतात, सोन्याच्या अंगठीने जिभेवर अक्षर काढतात, मग बोट धरून तांदळात 'हरिश्री' गिरवून घेतात. कुणी रडतं, कुणी तांदूळच खातं. त्या दिवशी पूजा उठवल्याबरोबर एट्टत्तीने सगळ्यात आधी मोडेम उचलला. चंदन पदराने पुसलं, वायर लावली आणि स्वयंपाकघरात पळाली. अंगणात चपलांचा ढीग, ओटीवर आया, आणि मी सगळ्यांना गूळपोहे वाटत होते.

आत गेले तेव्हा पिंपातून आवाज येत होता. टणटण टणटण, थांबायलाच तयार नाही. एट्टत्तीने फोन बाहेर काढला. तांदळाचे दाणे त्याला चिकटलेले. तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून तिने तो माझ्या हातात दिला. "तू वाच. काय म्हणतेय?"

मी वरपासून वाचायला लागले. अष्टमीच्या संध्याकाळचं होतं. "अम्मा, पाणी गेलं. इस्पितळात आलोय. फोन उचल." मग, "अम्मा, आत नेतायत." मग नुसतंच, "अम्मा?" एट्टत्तीने तोंडावर हात ठेवला. पुढचं जोबीचं होतं. "अम्मा, मुलगा झाला. छोटा आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय. अंबिली बरी आहे." आणि खाली फोटो.

"दाखव, दाखव," एट्टत्ती म्हणाली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. केवढंसं ते तोंड, मुठी आवळलेल्या, नाकाला नळी लावलेली. तिने पडद्यावर बोट फिरवलं. "महिनाभर आधीच आला गं. कसली घाई झाली होती रे तुला?" ती त्याच्याशी बोलतच राहिली. माझी नजर मात्र खाली गेली होती. जोबीने लिहिलं होतं, अंबिली सारखी विचारतेय अम्मा कुठे आहे. घरचा फोनही लागत नाही. मी तिला काय सांगू. मग नवमीचं. डॉक्टर म्हणतात, श्वास नीट घेत नाही. अम्मा, एकदा तरी फोन उचला, अंबिलीला तुमच्याशी बोलायचंय. आणि शेवटचं, त्याच दिवशी दुपारचं. "अम्मा, तो गेला. अंबिली कुणाशी बोलत नाही."

मला वाचता येईना. एट्टत्तीने माझ्या तोंडाकडे बघितलं. फोन माझ्या हातातून घेतला आणि शेवटचं तिने स्वतःच, एकेक अक्षर लावत वाचलं. हंबरडा फोडेल असं मला वाटलं होतं. ती नुसती पिंपाचं झाकण हातात धरून उभी राहिली.

बाहेर मुलांचं आटोपलं होतं वाटतं, कारण पुढच्या खोलीतून एट्टनचा आवाज आला, मोठा आणि जिंकल्यासारखा. "पंकजम, इकडे ये. चोर आला बघ. पूजा उठायची वाटच बघत होता. दोन नंबर घेऊन बसलाय."

एट्टत्तीने झाकण खाली ठेवलं आणि बाहेर गेली. ओटीवरच्या बायका बघत होत्या. त्यांच्यासमोर एट्टनशी ती कधी मान वर करून बोलली नव्हती. तिने तो फोन त्यांच्या हातात ठेवला.

"हा घ्या तुमचा चोर," ती म्हणाली. "अंबिलीला मुलगा झाला. परवा रात्री. मला दाखवायला ती फोन लावत होती. काल तो गेला. सगळा वेळ तुम्ही तो मोडेम देवीपुढे बसवून ठेवला होता."

एट्टनचा जवळचं वाचायचा चष्मा पूजेतल्या पुस्तकांवरच राहिलेला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. त्यांना काही दिसत नव्हतं. बोटांना तांदळाचं पीठ. तेवढ्यात पडदा काळा झाला. एट्टत्तीने तो त्यांच्या हातातून परत घेतला.

आम्ही दोघी लगेच निघालो. एट्टन पायरीपर्यंत आले, छत्री पुढे केली. "मी येऊ का?" असं त्यांनी बायकोला विचारलं. विचारलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांनी कधी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. एट्टत्तीने छत्री घेतली आणि चालायला लागली.

एर्णाकुळमला काय झालं ते फारसं सांगवत नाही. अंबिली भिंतीकडे तोंड करून पडलेली. आईला बघून उठली, मांडीत डोकं घातलं आणि एवढंच म्हणाली, "मला वाटलं अच्छननी तुला पकडलं. मला वाटलं, माझ्यामुळे तुला मार बसला असेल." म्हणजे त्या अवस्थेतही पोर आईचीच काळजी करत होती. मोडेम पूजेत होता हे एट्टत्तीने सांगितलं तेव्हा ती पुन्हा भिंतीकडे वळली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. नंतर तिने आईच्या फोनमधला तो फोटो काढून टाकायला लावला. स्वतःच्या आणि जोबीच्या फोनमधलाही काढून टाकला. "कुणी बघायचा नाही आता," म्हणाली. एट्टत्तीने तिचं ऐकलं.

आम्ही परत आलो तोवर एट्टननी रजीशला बोलावून ती खूण बदलून घेतली होती. खरंच एका मिनिटाचं काम निघालं, असं रजीश मला म्हणाला, आणि म्हणताना त्याने मान खाली घातली. त्यानंतर कितीदा वीज कडाडली, कितीदा वायरी उपटल्या आणि लावल्या, पाटी काही आली नाही. एट्टत्तीचा फोन आता उघड्यावर, पुढच्या खोलीत टेबलावर असतो. ती त्याला फार हात लावत नाही.

एके दिवशी एट्टन सहाला चंदन न लावताच कॉम्प्युटरसमोर बसले. सभा नव्हती. त्यांनी अंबिलीला फोन लावला. रजीशकडून शिकून घेतलं असणार. मी दारात उभी होते. पडद्यावर अंबिली आली. वाळलेली, केस ओढून बांधलेले. बापाला समोर बघून तिने काही म्हटलं नाही. एट्टनही काही बोलले नाहीत. आवाज येत नाही की काय, असं मला वाटलं, पण तिच्याकडचा पंखा फिरताना ऐकू येत होता. मग अंबिली म्हणाली, "अम्मा आहे का?"

एट्टन उठले. एट्टत्तीला हाक मारली आणि तिला आपली खुर्ची दिली. स्वतः बाजूला, पडद्यात दिसणार नाहीत असे, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आत दोघींचं बोलणं सुरू झालं. औषध घेतलंस का, जेवलीस का, अंग दुखतं का अजून.

एट्टन खूप वेळ ऐकत होते. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पंकजम, तू फोटो पाहिला होतास ना? कुणासारखा होता गं?"

इतक्या लहान बाळाचं काय कळतंय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ते रुंद कपाळ, ते पसरट कान मी पाहिले होते. खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही.

"तुमच्यासारखा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आतलं बोलणं संपेपर्यंत ते तिथेच उभे होते.